गाडी लेट का होते?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, वीस वर्षे रुळांच्या देखभालीत गेली. त्यामुळे इथे इटारसीत कोणीही भेटले की पहिला प्रश्न असतो, "साहेब, गाडी लेट का?" आज त्याचे उत्तर देतो.

भोपाळ-नागपूर महामार्गावर डांबरीकरण निघाले, की एक बाजू बंद करून दुसरीने वाहने सोडतात. रांग लागते, पण मोटार बाजूने निघून जाते. गाडीला रूळ सोडता येत नाही. म्हणून काम करताना तो मार्ग काही तास बंदच ठेवावा लागतो. हाच ब्लॉक. मुंबईकरांचा रविवारचा मेगाब्लॉक तो हाच.

ब्लॉक संपला तरी वेग लगेच मिळत नाही. स्लीपरखालची खडी चाळून भरली, की ती बसेपर्यंत वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. तोवर ड्रायव्हरला 'कॉशन ऑर्डर' असते. ताशी ११० किलोमीटर वेगाने दोन किलोमीटरला मिनिटभर लागते. ताशी २० ने सहा मिनिटे.

काही वर्षांपूर्वी गौरी बसायच्या दिवशी आमचा तीन तासांचा ब्लॉक होता. मशीन मध्येच बिघडले. वेळ संपली तेव्हा वीस-पंचवीस स्लीपरांचे पॅकिंग बाकी होते. कंट्रोलचे फोन चालूच. तेवढ्यात नागपूरहून निघालेल्या आईचा फोन आला, "अरे, गाडी तासभर उभी आहे. गौरींचे मुखवटे माझ्याकडे आहेत. ओळखीने बघ ना काही!"

तिची गाडी माझ्याच ब्लॉकमुळे अडली होती.

मार्ग सुरक्षित असल्याची सही माझी होती. ती केली नाही. गँगमननी हाताने पॅकिंग पुरे केले. चाळीस मिनिटे जास्त लागली, लेखी खुलासाही द्यावा लागला. मग गाडी ताशी २० ने आमच्यासमोरून गेली. खिडकीत आई, मांडीवर मुखवट्यांची पेटी.

रात्री घरी गेलो. वाटले, रागावेल. ती एवढेच म्हणाली, "ती उन्हातली माणसं जेवली का रे?"

तेव्हा मंडळी, गाडी रेंगाळली तर जरूर चिडा, पण एकदा खिडकीबाहेर पाहा. तुमच्यासाठीच कोणीतरी रुळावर उभे असेल.

गणपती बाप्पा मोरया!