वाऱ्याला आत वाट, तशी बाहेरही वाट



हौसेने मोटारीत फेरबदल करणारे तरुण आता बेळगावपासून पणजीपर्यंत सर्वत्र आढळतात. त्यांच्या गाडीच्या पुढील जाळीआड पुष्कळदा ॲल्युमिनियमची एक चकचकीत आडवी पेटी दिसते. तिला इंटरकूलर म्हणतात. ती बसविल्यावर चोर्ला घाट चढताना इंजिन तापू लागले, अशी तक्रारही कानी येते. थंडाव्यासाठी आणलेल्या वस्तूने ताप का वाढावा, याचा आज थोडा विचार करू.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला ऊन लागते. हवा दाबली की ती तापते. टर्बोचार्जर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून तो ताजी हवा दाबून आत भरतो. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस असेल आणि तिचा दाब दुप्पट केला, तर ती सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ असते. तीच ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाने तेवढ्याच जागेत सुमारे २३ टक्के अधिक हवा मावते. इंटरकूलरचे प्रयोजन एवढेच.

काही गाड्यांत हा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो व बॉनेटवरील झरोक्यातून त्याला वारा मिळतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ही त्यांपैकी एक. २००९ साली भारतात आलेली तीन लिटर डिझेलची टोयोटा फॉर्च्युनर ही दुसरी. तेथे इंजिनाचीच धग त्याला लागते, म्हणून हौशी माणूस त्याला गाडीच्या नाकाशी आणतो. परंतु त्याच्यामागे वातानुकूलनाचा कंडेन्सर आणि त्याच्याही मागे रेडिएटर असतो. म्हणजे रेडिएटरपर्यंत येणारा वारा आता एक पडदा अधिक ओलांडून, आधीच ऊन होऊन येतो.

या वाऱ्याचे बळ तरी किती? गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या अवघ्या १७ मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो. वेग निम्मा झाला की हा दाब चौथाईवर येतो. घाटात नेमके हेच घडते: वेग कमी आणि इंजिनाचे श्रम अधिक. इतका दुबळा वारा सोपी वाट शोधणारच. पेटीच्या कडेला दोन बोटांची फट असली, तरी तो तेथूनच निसटतो. म्हणून जाळीपासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून रेडिएटरपर्यंत चारही बाजू पत्र्याने व रबरी पट्ट्यांनी बंद कराव्यात. रेडिएटरच्या पंख्याभोवतीचे कोंडाळेही काढू नये.

हे झाले आत येण्याचे. ज्या खोलीला एकच खिडकी, तिच्यात वारा खेळत नाही, हे आपण जाणतो. इंजिनाच्या कोठडीचेही तसेच आहे. कित्येक जण इंजिनाखालचे आवरण अडथळा समजून काढून टाकतात; वस्तुतः अनेक गाड्यांत रेडिएटरमागचा दाब कमी राखण्याचे काम तेच करते. कोणी बॉनेटची मागची कड उचलून ठेवतात. पण काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब अधिक असल्याने, वेगात असता हवा बाहेर पडण्याऐवजी तेथून आत शिरते. झरोका ठेवावयाचाच, तर तो रेडिएटरच्या लगेच मागे, बॉनेटच्या पुढील भागात ठेवावा. इंग्लंडातील फार्नबरो येथे मेरेडिथ या शास्त्रज्ञाने १९३५ साली विमानांच्या रेडिएटरविषयी हेच प्रतिपादिले होते: वाऱ्याचे आत येणे, मंदावणे व बाहेर पडणे ही एकच वाट मानून तिची आखणी केली पाहिजे.

प्रत्यक्ष बसविताना आणखी काही पथ्ये आहेत. पेटी गरजेहून मोठी नसावी. नळ्यांच्या टोकांना उठावदार कड असावी, नाहीतर दाबाखाली रबरी जोड निसटतात. काम संपल्यावर नळ्यांत हवा भरून प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला की गळती समजावी. जागा होत नाही म्हणून बंपरमागील पोलादी तुळई मात्र कधीही कापू नये. टक्कर झाल्यास पहिला आघात ती झेलते, आणि गाडीत आपली माणसे बसलेली असतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ वे कलम फेरबदलांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिचा कडक अर्थ लावला आहे. हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

शेवटी एक स्वस्त परीक्षा सांगतो. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकवून तिच्यात थोडे पाणी भरावे. एक टोक रेडिएटरच्या पुढे व दुसरे मागे न्यावे. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने गाडी चालवून शेजारच्या सोबत्याला पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर टिपावयास सांगावे. हे माप पेटी बसविण्यापूर्वी घ्यावे व नंतरही घ्यावे. अंतर घटले असेल, तर वाऱ्याची वाट कोठेतरी फुटली किंवा तुंबली आहे असे समजावे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीने कुटुंबाला घेऊन घाटात जाऊ नये.