पोर परराज्यात शिकायला जाते तेव्हा



आज बोलायचंय ते पदवीनंतर पुढं शिकायला दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलींबद्दल. मी आपल्या वैजापूर तालुक्यातलीच. गेली तीन वर्षं हैदराबादला राहून पीएच.डी. करतेय. सुट्टीत घरी आले की बायका विचारतात, "आमच्या पोरीचंही मन आहे गं, पाठवावं का?" माझं उत्तर एकच आहे. पाठवा, पण वाट माहीत करून घेऊन पाठवा.

कमला सोहोनी हे नाव काही जणींनी ऐकलं असेल. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागं हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि त्यांच्यामुळं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. कमलाबाईंनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून दाखवलं. रामन यांचं समाधान झालं आणि पुढच्या मुलींसाठीही ते दार उघडलं. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

यातली एक गोष्ट मात्र नीट बघा. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघंही बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले. म्हणजे दार बंद होतं, तरी तिथं जायची वाट घराला माहीत होती. आपल्या पोरींचं उलटं आहे. आज दार उघडं आहे, पण घरातलं कुणी त्या वाटेनं गेलेलं नसतं. ही उणीव एकट्या आईनं भरून निघत नाही. ती गटानं भरून काढता येते.

आता हैदराबादचं सांगते. १९४८ पर्यंत आपलं वैजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होतं. मराठवाडा विद्यापीठ निघालं १९५८ साली. त्याआधी इकडची मुलं उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात जायची. आजही रोटेगावला रेल्वेत बसलं की तीच लाईन सिकंदराबादला नेते. तिथल्या बाजारात लोक 'नक्को' म्हणतात, तो आपलाच 'नको'. पहिल्यांदा ऐकला तेव्हा जिवाला बरं वाटलं.

तरी परकं ते परकंच. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. बाजरीची भाकरी स्वप्नात यायची. खोलीतल्या मुली आपसात तेलुगू बोलायच्या, वर्गात सगळं इंग्रजीत. मला विषय येत होता, पण बोलायला उभं राहिलं की घसा कोरडा पडायचा. सहा-आठ महिने गेले तेव्हा कुठं सूर लागला. हे आधी माहीत असेल, तर मुलगीही घाबरत नाही आणि घरही घाबरत नाही.

म्हणून गटातल्या बायांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कागदपत्रं. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्याच्या कॉलेजात आपल्या राज्याचं आरक्षण सहसा चालत नाही. केंद्र सरकारच्या विद्यापीठात आरक्षण मिळतं, पण केंद्राच्या यादीप्रमाणं. ओबीसी मुलीला त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर लागतं. प्रवेशाची यादी लागल्यावर तहसीलला धावू नका. अर्ज भरायच्या आधीच कागद तयार ठेवा.

दुसरी गोष्ट पैसा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पैसा वेळेवर आला, असं नसतं. पहिल्या वर्षी माझी शिष्यवृत्ती चार महिने आली नाही. मेसचं बिल थकलं. तेव्हा माझ्या आईच्या गटानं अंतर्गत कर्जातून दहा हजार रुपये दिले. त्यावर चर्चा झाली. एक मावशी म्हणाल्या, "शेळी घ्यायला देतो, मग पोरीला का नाही?" इतिवृत्तात कर्जाचं कारण लिहिलं, 'मुलीचं शिक्षण'. शिष्यवृत्ती एकदम जमा झाली तेव्हा आईनं व्याजासह पैसे फेडले. ते दहा हजार नसते, तर मी सामान बांधून घरी आले असते आणि गावानं म्हटलं असतं, पोरीला झेपलं नाही.

तिसरी गोष्ट फोन. एका रात्री मी आईला रडत म्हणाले, "मला नाही जमत." आईनं 'परत ये' म्हटलं नाही, आणि 'गावात तोंड कसं दाखवू' असंही म्हटलं नाही. ती म्हणाली, "जेवलीस का? जेव आधी. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी खरंच बोलली. रडणं म्हणजे दरवेळी परत यायचं असतं असं नाही. कुणीतरी ऐकावं, एवढंच हवं असतं. पण मुलगी कुणी त्रास देतंय म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवा. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा नंबर आहे. मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, तो मोफत आहे.

अजून एक सांगते. पहिल्या मुलीवर सगळ्या गावाचं ओझं टाकू नका. "तू चुकलीस तर मागच्या पोरींची वाट बंद," हे वाक्य मी निघताना पाच जणींनी मला ऐकवलं. मुलगा नापास झाला म्हणून गावातल्या मुलांचं शिक्षण कधी थांबलं आहे का? मग एका मुलीच्या निकालावर बाकीच्या मुलींचं भवितव्य कशाला टांगायचं?

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातल्या कोणत्या मुली यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांची नावं वहीत लिहा. तालुक्यातली कुणी बाहेर शिकत असेल तर तिचा नंबर तिला विचारून त्या मुलींना द्या. ग्रामसंघात सांगा, की शिक्षणासाठीही अंतर्गत कर्ज मागता येतं. एवढं केलंत तरी पोर एकटी निघणार नाही.