धीर कशाने येतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. ते दुःख कोणत्याही उपदेशाने हलके होत नाही. तरीही पुढे घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. भूकंपात घर कसे टिकेल हे त्या शिकल्या, शेजाऱ्यांना समजावू लागल्या, अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. आपद्ग्रस्ताला ‘धीर धर’ म्हणणे सोपे आहे. खरा धीर हाताला काम आणि निर्णयात वाटा मिळाल्याने येतो. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी, पूर असो वा दुष्काळ, एवढे ध्यानी ठेवावे : मदत अवश्य पोचवावी, पण संकटग्रस्ताचे कर्तेपण हिरावून घेऊ नये.