खोक्यावरची अक्षरे आणि संगणक-प्रणालीची निवड

(परभणी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यातील धान्य व कडधान्य आजवर बहुतांशी पोत्यांतून बाहेर जात आले. आता बचत गटांच्या भगिनी डाळ, सोयाबीनचे पदार्थ, ज्वारीच्या लाह्या स्वतः बांधून विकू लागल्या आहेत. येथील कृषी विद्यापीठाने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. परंतु एकदा पोत्यात गेले की वाण कोणते, हे गिऱ्हाइकास कळत नाही. ते सांगण्याचे काम खोक्याचे आहे. त्या खोक्याचा आराखडा कोणत्या संगणक-प्रणालीवर करावा, असे मला वारंवार विचारले जाते.

काही वर्षांपूर्वी एका गटाचा आराखडा मीच करून दिला होता. मजकूर जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात घेतला होता आणि छापणाऱ्याच्या संगणकात तो टंक नव्हता. ‘लाह्या’ शब्दातले जोडाक्षर फुटून भलतेच चिन्ह उमटले. नमुना तपासण्यास मी गेलो नाही. हजार खोकी तशीच आली आणि त्या भगिनींनी रात्री बसून त्यांवर चिठ्ठ्या चिकटविल्या. चूक सर्वस्वी माझी होती.

म्हणून माझी पहिली कसोटी मराठीची. प्रणाली उघडून ‘ज्वारीच्या लाह्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द युनिकोडमध्ये लिहून पाहावेत. ऱ्ह, ऱ्य नीट उमटतात काय? ल आणि श मराठी वळणाचे आहेत काय? मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे टंक विनामूल्य असून खोक्यावर ठसठशीत दिसतात. छापण्यास देताना अक्षरांचे रूपांतर रेषाकृतींत करावे. मग छापखान्यात टंक असो वा नसो. मूळ प्रत मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण रेषा झालेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

छायाचित्रे सुधारण्याच्या प्रणालीत खोके काढू नये. तेथील चित्र ठिपक्यांचे असते, मोठे केले की फाटते. खोक्याला रेषाकृतींची प्रणाली हवी, जिच्यात कापण्याच्या व घडीच्या रेषा मिलिमीटरमध्ये आखून वेगळ्या थरावर ठेवता येतात. कोरलड्रॉ छापखान्यांच्या चांगल्या परिचयाची आहे, इलस्ट्रेटरही उत्तम. पण दोन्हींना पैसे पडतात. कोणीतरी आणून दिलेली चोरटी प्रत कार्यालयाच्या वा शाळेच्या संगणकात मुळीच घालू नये. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ६३-ब नुसार अशा प्रतीचा जाणूनबुजून वापर हा कारावासास पात्र गुन्हा आहे.

ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकासाठी मी इंकस्केप सुचवितो. ती विनामूल्य व खुली आहे. तिची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. तिचे काम मुळात पडद्याच्या रंगांत चालते, तर छपाई चार शाईंची. पडद्यावरचा झळझळीत हिरवा कागदावर मंद होतो. स्क्रायबस या दुसऱ्या विनामूल्य प्रणालीतून नेल्यास छपाईच्या रंगांतील पीडीएफ मिळते. छापखान्यातच आराखडा करणारा कुशल माणूस असेल तर आपण कोणतीच प्रणाली घेऊ नये. मजकूर शुद्ध लिहून द्यावा आणि नमुना स्वतः तपासावा.

मजकुरात १४ अंकी अन्न परवाना क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत व उत्पादकाचा पत्ता विसरू नये. आवश्यक तपशील कायद्याने इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो, मराठी त्याखेरीज. तेवढी जागा आरंभीच राखावी. आराखडा सर्व बाजूंनी कापरेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवावा, नाहीतर कडेला पांढरी पट्टी दिसते.

शेवटी साध्या कागदावर पूर्ण मापात छापून, कात्रीने कापून खोके दुमडावे आणि त्यात अर्धा किलो ज्वारी भरावी. मी पाहिलेल्या एका आराखड्यात गावाचे नाव डिंक लावण्याच्या पट्टीखाली गेले होते. दुमडेपर्यंत ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.