हवेचा हिशेब आपला आपण करू या

(घरच्या घरी सोफ्याचं, सुतारकामाचं आणि पॉलिशचं काम करणाऱ्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिलाई मशीन घ्यायला बाई दुकानात गेली, तर ती पायडल मारून बघते, टाका बघते, बॉबिन काढून बघते. कुणी तिला हटकत नाही, कारण ते यंत्र 'बायकांचं' असं ठरलेलं आहे. तीच बाई कंप्रेसर घ्यायला गेली की दुकानदार तिच्यासोबतच्या पुरुषाशी बोलू लागतो. हे ज्ञान बाईला असूच शकत नाही, असं तोही धरून चालतो आणि पुष्कळदा आपणही.

याला कायद्याचाही हातभार होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ ने यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालायला सांगितलं होतं. पण पुढच्याच कलम २२ ने चालू यंत्राच्या फिरत्या भागांची सफाई, तेलपाणी, जुळवणी बाईने करायची नाही असं म्हटलं होतं. धोका पुरुषालाही होताच. यंत्राला जाळी घालणं एक आणि बाईला यंत्रापासून दूर ठेवणं दुसरं. आपल्याला पहिलं हवं आहे.

आता मुद्द्याचं. दुकानदार दोन गोष्टी सांगतो: मोटर किती एचपीची आणि टाकी किती लिटरची. आपण तिसरी विचारायची: ६ किलो दाबाला ही मशीन मिनिटाला किती हवा देते? हे माप सीएफएममध्ये, म्हणजे घनफुटांत सांगतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर हवा. कागदावर कधी कधी 'डिस्प्लेसमेंट' लिहिलेलं असतं. तो आकडा फुगलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा, म्हणजे 'एफएडी', त्याहून बरीच कमी असते. ढोबळ हिशेब असा की १ एचपीमागे ३ ते ४ सीएफएम मिळतात.

म्हणून सुरुवात कंप्रेसरपासून नको, आपल्या कामापासून करा. सोफ्याला पिना मारायच्या असतील तर पिनगनला हवा फारच थोडी लागते. १ एचपीचा, २५-३० लिटर टाकीचा लहान कंप्रेसर पुरतो. पॉलिशची साधी स्प्रे गन ५ ते ८ सीएफएम मागते, मोठी गन १० च्याही वर जाते. तिथे २ एचपी आणि कमी हवेवर चालणारी गन अशी जोडी बसवावी. लाकूड घासायचा हवेचा सँडर मात्र १० च्या आसपास खातो आणि सतत खातो.

'टाकी मोठी आहे, चालेल' असं कुणी म्हणालं तर हा हिशेब मांडा. ५० लिटरच्या टाकीतला दाब ८ किलोवरून ६ वर आला, म्हणजे जेमतेम १०० लिटर हवा वापरली गेली. १० सीएफएमच्या सँडरला तेवढी हवा वीसेक सेकंदच पुरते. पुढे मोटर धापा टाकत राहणार आणि तुम्ही थांबून राहणार. टाकी म्हणजे हंडा. हंडा मोठा असला म्हणून नळाची धार वाढत नाही.

तेव्हा घासायला विजेवर चालणारा सँडर घ्या. हवा दाबताना विजेचा मोठा भाग नुसती उष्णता होऊन जातो, म्हणून त्याच कामाला हवेचं अवजार वीज जास्त खातं. हवा पिना आणि फवारणीपुरती ठेवली तर लहान कंप्रेसरवर भागतं आणि कर्जही लहान राहतं. शिवाय २ एचपीची मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. घरचं मीटर आणि वायरिंग ती पेलेल का, हे घेण्याआधी वायरमनला दाखवा.

जुनी मशीन घेणार असाल तर घड्याळ घेऊन जा. टाकीचा कॉक बंद करून मशीन चालवा आणि काटा ४ वरून ८ किलोवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. ५० लिटरच्या टाकीला दोन मिनिटं लागली, तर २०० लिटर भरले. म्हणजे मिनिटाला १००, साधारण साडेतीन सीएफएम. आकडा तुमच्या डोळ्यांसमोर निघतो, कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. मग खालचा ड्रेन कॉक उघडा. गंजाचं लाल पाणी आलं किंवा टाकीवर वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, तर कितीही स्वस्त असली तरी ती मशीन घेऊ नका. गंजलेली टाकी फुटते.

घरी आणल्यावर रोज काम संपलं की टाकीतलं पाणी काढा, पावसाळ्यात तर नक्कीच. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून बघा. हवेसाठी पीव्हीसीचा पाइप वापरू नका, तो फुटला की तुकडे उडतात. पट्ट्यावर जाळी हवीच; पदर, ओढणी, वेणी अडकायला क्षण पुरतो. कपड्यावरची धूळ हवेने उडवू नका. डोळ्यांना चष्मा लावा. थिनरची वाफ पेट घेते, तेव्हा फवारणी स्वयंपाकघराजवळ नको आणि कंप्रेसरही फवाऱ्यापासून लांब ठेवा. दोन डबे मिसळून करायच्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. योग्य मास्क परवडत नसेल, तर ते काम घेऊ नका. आपली फुप्फुसं भांडवलात धरायची नाहीत.

शेवटचं म्हणजे बिल. बिल आपल्या नावाचं घ्या, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर आपलंच नाव टाका. हप्ते बाईने फेडायचे आणि यंत्र घरातल्या पुरुषाच्या नावावर, हे आपल्याला नवं नाही. घरात बिनसलं की यंत्र त्याच्याकडे जातं आणि कर्ज आपल्याकडे उरतं. ज्याच्या नावाचा कागद, त्याची मालकी.

तेव्हा बचत गटात पुढच्या वेळी यंत्रासाठी कर्जाचा अर्ज आला की रकमेच्या आधी तीन प्रश्न विचारा: काम कोणतं, हवा किती आणि बिल कुणाच्या नावाचं?