जपानचे तेल, जपानचे मित्र आणि आपण
(शिरूर व दौंड येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा फेरफार करून)



शिक्षकाला भाषणाला उभे केले की तो शिक्षणाचे महत्त्व सांगणार, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. ते महत्त्व तुम्ही जाणता, म्हणून तर ही संस्था उभी राहिली. तेव्हा मी आज एक वेगळाच विषय घेतला आहे. ज्या देशाच्या जमिनीत तेल जवळजवळ नाही, तो जपान आपल्या चुलीची आणि आपल्या सीमेची काळजी कशी घेतो, मित्रांशी कसा वागतो, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हा तो विषय. शिरूर-दौंडच्या माणसाला टोकियोच्या भानगडी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा धीर धरावा.

लोणी काळभोरच्या डेपोतून निघालेले पेट्रोल-डिझेलचे टँकर सोलापूर रस्त्याने आणि नगर रस्त्याने आपल्याकडे येतात. त्या टँकरमधील तेल मुळात कोठले? आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि त्यातील मोठा हिस्सा वर्षानुवर्षे आखाती देशांतून येत आला आहे. आपल्यातील कित्येक घरांतील माणसे त्याच देशांत नोकरीला आहेत, म्हणजे तेथून आपल्याकडे तेलही येते आणि मनीऑर्डरही. हे तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडते. सर्वांत अरुंद जागी ती चाळीस किलोमीटरही रुंद नाही. शिरूरहून दौंडला जायला याहून जास्त अंतर तोडावे लागते.

आता असे पाहा. पुण्याहून निघालेली गाडी दौंडपर्यंत एकाच मार्गाने येते. दौंडला एक रूळ सोलापूरकडे वळतो, दुसरा मनमाडकडे. तेलाच्या जहाजांचेही तसेच आहे. होर्मुझमधून बाहेर पडेपर्यंत सर्वांची वाट एक. पुढे एक जहाज मुंबईकडे वळते, आणि दुसरे श्रीलंकेला वळसा घालून, मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून, दक्षिण चीन समुद्रातून योकोहामाला जाते. दौंडच्या अलीकडे रूळ उखडला तर सोलापूरचा आणि मनमाडचा, दोन्हीकडचा उतारू अडकतो. भारत आणि जपान यांच्या मैत्रीचे निम्मे रहस्य या एका गोष्टीत आहे. बुद्धाचे नाते वगैरे आपण समारंभात बोलतो, ते खोटे नाही; पण मैत्रीला रोजच्या गरजेचे खतपाणी लागते.

जपानची अडचण आपल्याहून कठीण. २०२२ साली त्या देशाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जेमतेम १३ टक्के ऊर्जा त्याची स्वतःची होती. कच्चे तेल तर जवळजवळ सगळे आयातीचे, आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पश्चिम आशियातले. वर त्याची राज्यघटना १९४७ पासून युद्धाचा त्याग करणारी. संरक्षणाची भिस्त अमेरिकेबरोबरच्या १९५१ च्या आणि पुढे १९६० च्या करारावर. म्हणजे तलवार मित्राची आणि तेल तिसऱ्याचे. अशा घराने तोंड मिटून मित्र सांगेल तसे वागावे, असे आपल्याला वाटेल. परंतु तसे घडलेले नाही, आणि मला हेच तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब देशांनी तेलाचा हात आखडला. जपानमध्ये घबराट उडाली. ओसाकाजवळच्या वसाहतीत बायकांनी संडासाच्या कागदासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या. तेल महागले की कागदही मिळणार नाही, अशी आवई उठली होती. (आपल्याकडे रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या पिढीला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.) नोव्हेंबरच्या मध्यास अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर टोकियोला आले. जपानने अरबांकडे झुकू नये, ही त्यांची अपेक्षा. जपानने त्यांचे ऐकून घेतले आणि २२ नोव्हेंबरला सरकारचे मुख्य सचिव निकाइदो यांच्या नावाने निवेदन काढले : इस्रायलने १९६७ मध्ये व्यापलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी, पॅलेस्टिनी जनतेचे न्याय्य हक्क मानले जावेत, आणि पुढील घटना पाहून इस्रायलविषयीच्या धोरणाचा फेरविचार करावा लागेल. डिसेंबरात ताकेओ मिकी खास दूत म्हणून अरब देशांत गेले, आणि त्याच महिन्यात जपानची गणना मित्रदेशांत झाली. अमेरिकेबरोबरचा करार मात्र जागच्या जागी राहिला.

यात तत्त्व किती आणि तेल किती? माझ्या मते तेल अधिक. पॅलेस्टिनी जनतेचे हक्क जपानला १९६७ सालीही दिसायला हवे होते. पण मोठ्या मित्राच्या सावलीत उभे राहून वेगळे बोलायला जे धैर्य लागते, ते त्याने दाखवले, हे मान्य केले पाहिजे.

शेचाळीस वर्षांनी तोच प्रसंग नव्या रूपात आला. जून २०१९ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे तेहरानला गेले. १९७८ नंतर इराणला जाणारे ते जपानचे पहिलेच पंतप्रधान. अमेरिका आणि इराण यांच्यात समेटाची काही वाट निघते का, हे ते पाहत होते. १३ जूनला ते आयातुल्ला खामेनी यांच्यासमोर बसले होते आणि त्याच दिवशी ओमानच्या आखातात एका जपानी कंपनीच्या ‘कोकुका करेजियस’ या जहाजावर हल्ला झाला. अमेरिकेने इराणकडे बोट दाखवले, इराणने इन्कार केला. जपानने घाईने कोणाला दोषी ठरवले नाही. पुढे अमेरिकेने नौदलांची आघाडी उभारली, तेव्हा जपान तीत सामील झाला नाही. त्याने २०२० च्या फेब्रुवारीत आपले ‘ताकानामी’ हे जहाज स्वतंत्रपणे पाठवले, तेही होर्मुझच्या अलीकडे, केवळ माहिती गोळा करण्यासाठी. आपल्या नौदलानेही जून २०१९ मध्ये ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू करून आपल्या जहाजांना स्वतंत्रच सोबत दिली होती. मात्र इराणचे तेल घेणे दोन्ही देशांनी अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये थांबवले. स्वतंत्र बुद्धीलाही मर्यादा असते, ती येथे दिसली.

रशियाच्या बाबतीतही असेच. साखालिन बेटावरील ‘साखालिन-१’ या तेलक्षेत्रात जपानी समूहाचा ३० टक्के आणि आपल्या ओएनजीसी विदेशचा २० टक्के वाटा. २०२२ मध्ये युक्रेन युद्धावरून जपानने रशियावर निर्बंध घातले, तरी हा वाटा सोडला नाही.

आता भारताकडे वळू. २२ ऑगस्ट २००७ रोजी आबे यांनी आपल्या संसदेत भाषण केले. त्याचे शीर्षक होते ‘दोन समुद्रांचा संगम’. आपल्यापैकी ज्यांना थोडीफार अरबी येते, त्यांच्या लगेच लक्षात येईल. शहाजादा दारा शुकोह याने १६५५ च्या सुमारास सूफी आणि वेदान्त विचारांची सांगड घालून ‘मजमा-उल-बहरैन’ हा ग्रंथ लिहिला, त्याचेच हे नाव, आणि आबे यांनी तसा उल्लेखही केला. दाराचे समुद्र विचारांचे होते, आबे यांचे हिंदी आणि पॅसिफिक महासागर. मोगल शहाजाद्याचा ग्रंथ जहाजांच्या वाटा सुरक्षित ठेवण्याच्या कामी यावा, हे मला गमतीचे वाटते. आपल्याच घरातला ग्रंथ आपल्याला परक्या पाहुण्याने आठवून द्यावा, हे मात्र गमतीचे नाही.

त्या भाषणाला पुढे करारांची फळे आली. ऑक्टोबर २००८ मध्ये सुरक्षा-सहकार्याचा संयुक्त जाहीरनामा निघाला, २०१५ पासून मलबार नौदल सरावात जपान कायमचा सहभागी झाला, आणि सप्टेंबर २०२० च्या करारान्वये दोन्ही सैन्ये एकमेकांना अन्न, पाणी, इंधन पुरवू शकतात. आपले जहाज त्यांच्या बंदरात तेल भरू शकते, त्यांचे आपल्या.

महाराष्ट्रात या मैत्रीचा प्रत्यक्ष पुरावा पाहायचा असेल तर अकोले तालुक्यात घाटघरला जावे. वर सह्याद्रीच्या माथ्यावर प्रवरेच्या उगमाजवळ एक धरण, खाली शहापूर तालुक्यात दुसरे. मागणी कमी असते तेव्हा जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॅट. रात्री दोन वाजता शेतीपंप चालू करायला उठणाऱ्या माणसाला विजेच्या वेळेची किंमत समजावून सांगायला नको. या प्रकल्पासाठी जपानच्या कर्जाचा करार १९८८ साली झाला आणि वीज मिळायला २००८ उजाडले. मधल्या काळात, मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर, जपानने भारताला नवी कर्जे देणे थांबवले होते. ती बंदी ऑक्टोबर २००१ मध्ये उठली. हिरोशिमा-नागासाकी पाहिलेल्या राष्ट्राचा तो राग होता, आणि तो समजण्यासारखा होता.

म्हणूनच ११ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोत झालेला अणुसहकार्याचा करार विशेष. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी जपानने प्रथमच असा करार केला. त्याच वेळी एक वेगळी टिपणीही सही झाली : भारताने पुन्हा चाचणी केल्यास जपान सहकार्य थांबवू शकेल, ही जपानची भूमिका तीत नोंदवली आहे. हिरोशिमा आणि नागासाकीच्या महापौरांनी कराराला विरोध केला होता. या कराराचा धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा बेत. पण एवढ्या भट्टीला लागणारे अजस्र घडीव पोलादी भाग करणारे कारखाने जगात मोजकेच, आणि त्यांत जपानमधील मुरोरानचा कारखाना अग्रगण्य. जपानची संमती नसती तर फ्रान्सच्या वचनाला अर्थ राहिला नसता.

जैतापूरच्या लोकांना मात्र टोकियोत किंवा दिल्लीत कोणी बसवून विचारले नव्हते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली आणि पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिलला, साखरी नाटे येथे आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला. दर्यावर पोट असलेली ती वस्ती. जपानने स्वतःच्या अणुभट्ट्या त्या अपघातानंतर एकेक करून बंद केल्या, ऑगस्ट २०१५ पासून हळूहळू पुन्हा सुरू केल्या, आणि मधल्या वर्षांत जहाजे भरभरून महाग वायू आणला. २०२५ सरले तरी जैतापूरच्या भट्ट्यांचे बांधकाम सुरू झालेले नव्हते. मी अणुविजेच्या विरुद्ध नाही. पण दोन सरकारांची मैत्री ज्याच्या अंगणात उतरते, त्याला त्या मैत्रीची कागदपत्रे त्याच्या भाषेत वाचायला मिळाली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

शिरूरकरांना आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर घोड नदीचा पूल ओलांडून नगर रस्त्याने पुढे जावे. पारनेर तालुक्यातील सुपे हे दोन्ही सरकारांनी ठरवलेल्या जपानी औद्योगिक वसाहतींच्या यादीत आहे. जपानी भाषेची परीक्षा पुण्यात होते. मुलांनी चौकशी करावी.

शेवटी एक हिशेब, जो मी वर्गात फळ्यावर मांडतो. १९७३ च्या धड्यानंतर जपानने १९७५ साली तेल साठवण्याचा कायदा केला. सरकारी आणि खासगी साठा मिळून त्याच्याकडे दोनशेहून अधिक दिवस पुरेल इतके तेल राखले जाऊ लागले. आपल्याकडे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत सरकारी कोठारांची क्षमता ५३ लाख ३० हजार टन. ती पूर्ण भरली तर सुमारे साडेनऊ दिवस पुरतात. तेलकंपन्यांचा साठा धरला तर बेरीज सत्तरच्या घरात जाते. ओडिशात चांदीखोल आणि कर्नाटकात पादूर येथे आणखी ६५ लाख टनांची कोठारे करण्यास केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजुरी दिली. २०२५ अखेर ती बांधून झालेली नव्हती.