इंग्रजी कागदाची घडी घालून ठेवू नका

(प्रभागसंघाच्या सभेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोलण्यातली भाषा तशीच ठेवून देत आहोत.)



इंग्रजी बोलायला शिका, असं सांगायला मी आज उभी राहिलेली नाही. फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या पाट्या तालुक्याला पुष्कळ आहेत. आपल्याला रोज लागतं ते बोलणं नाही, वाचून समजणं लागतं. इंग्रजी आपल्या घरात न विचारता येतं. गोळ्यांच्या पाकिटावर येतं, मोबाईलच्या मेसेजमध्ये येतं, फवारणीच्या डब्यावर येतं, कर्जाच्या कागदावर येतं. आणि आपण काय करतो? घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवतो. पोरगा शनिवारी घरी आला की वाचेल म्हणतो. पोरगा भराभरा मोठ्याने वाचतो आणि म्हणतो, "काही नाही गं, बँकेचं आहे." त्याने वाचलं खरं, पण त्याला तरी समजलं का? अक्षरं लावता येणं वेगळं आणि मतलब कळणं वेगळं.

आधी लाज बाजूला ठेवू. आपल्या राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनपासून. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आपल्यातल्या ज्यांची शाळा चौथीला सुटली, त्यांची एबीसीडीशी गाठच पडली नाही. यात त्यांचा काय दोष? सावित्रीबाईंच्या 'काव्यफुले' या १८५४ सालच्या पुस्तकात इंग्रजी शिकण्याविषयी कविता आहेत. एवढी जुनी ही गोष्ट आहे, आणि आपल्याच बाईने सांगितलेली आहे.

आता कामाचं बोलू. कागद हातात आला की पहिल्या शब्दापासून वाचायला जाऊ नका. जे ओळखीचं आहे ते आधी शोधा: आकडा, तारीख, आपलं नाव, बँकेचं नाव. मे महिना संपता संपता अनेकींच्या मोबाईलवर मेसेज येतो. खात्यातून ४३६ रुपये गेले, किंवा २० रुपये गेले. मग गटाच्या बैठकीत ओरड होते की बँक पैसे खाते. तो मेसेज उघडा. आकडा सापडला, ४३६. आकड्याजवळचा शब्द बघा, 'डेबिटेड', म्हणजे खात्यातून वजा. 'क्रेडिटेड' असेल तर जमा. हे दोन शब्द तर गटाच्या प्रत्येक बाईला पाठ पाहिजेत. त्याच्या पुढे काहीतरी मोठ्या अक्षरांचं असतं, पीएमजेजेबीवाय. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांचा जीवन विमा. २० रुपयांच्या मेसेजमध्ये पीएमएसबीवाय असतं, तो सुरक्षा विमा, अपघाताचा. अपघाती मृत्यू आला तर त्याचेही २ लाख. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं, म्हणून पैसे मेमध्ये कापले जातात. 'रिन्यूअल' हा शब्द दिसला तर समजा, चालू असलेला विमा पुढे नेला.

बघा, चार खुणा सापडल्या आणि मेसेज कळला. मधले सात-आठ शब्द आलेच नाहीत तरी काही अडलं नाही. पण हा मेसेज कळलाच नाही तर? घरचा माणूस गेल्यावर त्याच्या नावाने विमा होता हेच बायकोला माहीत नसतं. मग मागणी कोण करणार? २० रुपये कापल्याची कुरकूर सगळ्या करतात, २ लाख मागायला कोणी जात नाही.

आता थोडं अवघड. इंग्रजी वाक्य आपल्या वाक्यासारखं चालत नाही. आपण म्हणतो 'जेवणाआधी', जेवण पहिलं आणि 'आधी' मागून येतं. इंग्रजीत 'बिफोर फूड', म्हणजे 'आधी' पहिलं आणि जेवण मागून. आपण म्हणतो 'चिठ्ठीशिवाय', ते म्हणतात 'विदाऊट' आणि मग चिठ्ठी. म्हणून असा छोटा शब्द दिसला की थांबायचं, पुढचा शब्द वाचायचा, आणि मग दोन्ही उलटे जोडून मराठीत म्हणायचं. क्रियापदाचंही तसंच. आपलं शेवटी येतं, त्यांचं मध्येच येऊन जातं. वाक्य संपेपर्यंत वाट बघत बसलात तर ते मागे राहिलेलं असतं.

याचं उदाहरण तुमच्या घरात आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात एक वाक्य असतं: 'नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाऊट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर'. सुरुवात 'नॉट'ने आहे म्हणून कोणी म्हणेल, हे औषध विकायलाच बंदी आहे. तसं नाही. पुढे 'विदाऊट' आहे, म्हणजे शिवाय. कशाशिवाय? प्रिस्क्रिप्शनशिवाय, चिठ्ठीशिवाय. म्हणजे नोंदणी असलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे दुकानात विकायचं नाही. वाक्यात दोन नकार आले की दोन्ही पकडायचे. एक सुटला तर अर्थ पार फिरतो. आणि असं पाकीट शेजारणीने "मला गुण आला, तू पण घे" म्हणून दिलं, तर ते वाक्य तुम्हाला काय सांगतंय ते आता कळलं ना?

त्याच पाकिटावर ई-एक्स-पी ही तीन अक्षरं शोधा. त्यापुढे महिना आणि वर्ष असतं. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, पुढे नाही. (पाकीट कापताना तारखेची बाजू शेवटपर्यंत ठेवा. आपण नेमकी तीच पहिली कापतो.)

फवारणीच्या डब्यावर तर सरकारने रंग देऊन सोय केली आहे. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाबरोबर 'पॉयझन', निळ्याबरोबर 'डेंजर', हिरव्याबरोबर 'कॉशन'. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंग तुम्हाला आधीच कळतो, म्हणून त्यावरून शब्द ओळखायला शिका. आणि 'डू नॉट' दिसलं की त्यापुढचं वाक्य कोणालातरी विचारून पूर्ण समजून घ्या. ते 'करू नका' असं सांगत असतं.

कर्जाच्या कागदावर एकच शब्द किती फरक करतो ते सांगते. १० हजार कर्ज, वर्षभराचे १२ हप्ते, व्याज १२ टक्के. 'फ्लॅट' लिहिलं असेल तर पूर्ण रकमेवर वर्षभराचं व्याज १२०० रुपये. पण मुद्दल तर आपण दर महिन्याला फेडत असतो. उरलेल्या रकमेवर हिशेब धरला तर तो दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. 'रिड्यूसिंग' लिहिलं असेल तर खरोखर १२. दोन्हीकडे आकडा १२च दिसतो. म्हणून टक्क्याच्या शेजारचा शब्द वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. इंग्रजी शिका म्हणजे मराठी मागू नका, असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या घरगुती कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात ए-पी-आर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज आणि इतर खर्च धरून वर्षाचा दर. त्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. म्हणजे कागद घरी आणा, गटात वाचा, मग जा. "मराठीत द्या" म्हणणं हा हट्ट नाही, हक्क आहे.

सराव कसा करायचा? वेगळा वर्ग नको, बैठकीतली दहा मिनिटं पुरेत. बचत जमा झाली, वसुली लिहून झाली, की एकीने घरून आणलेला एक कागद मध्ये ठेवायचा. आधी प्रश्न ठरवायचा: यात आपल्याला काय शोधायचं आहे? पैसे किती, तारीख कोणती, काय करायचं नाही? मगच वाचायचं. दहावी-बारावी झालेली सून अक्षरं लावेल. पण हप्ता, जामीन, नूतनीकरण यातलं सासूला जास्त कळतं, म्हणून अर्थ सासू लावेल. जोडी चांगली जमते, मी बघितलं आहे. नवे तीन-चार शब्द वहीत लिहायचे, तेही जिथे भेटले त्या वाक्यासकट. नुसती शब्दांची यादी पाठ करून वाचता येत नाही. मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरून मराठी करून मिळतं, तेही वापरा. पण आधी स्वतः अंदाज बांधा, नंतर मोबाईल. आणि आकडे व नकार तर मूळ कागदावरच तपासा. ओटीपी, पिन किंवा पूर्ण खाते नंबर असलेला कागद मात्र सगळ्यांसमोर ठेवू नका, तेवढा भाग झाका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं गोळ्यांचं एक पाकीट आणा. रिकामं असलं तरी चालेल. आपण 'नॉट' आणि 'विदाऊट' शोधून बघू.